तुळशीच्या लग्नाचा ऊस आणि मेंदूतलं एक एन्झाइम

प्रश्न : तुळशीच्या लग्नाला आणलेले पाच ऊस गॅलरीत तसेच उभे राहिले. तीन आठवड्यांनी, गेल्या रविवारी, माझ्या सहा वर्षांच्या मुलाने त्यातला एक मोडला आणि दोन पेरं चघळली. मी पाहिलं तेव्हा आतला गर तांबूस होता, आंबूस, दारूसारखा वास येत होता आणि बुडाच्या कापावर पांढरट-काळी बुरशी धरली होती. आज गुरुवार. मुलगा शाळेत जातो, खातो, खेळतो. काही त्रास नाही. पण घरच्या ग्रुपवर ‘बुरशीचं विष मेंदूतली एन्झाइम्स मारतं, लक्षणं दोन महिन्यांनी दिसतात’ असा मजकूर फिरतोय आणि माझी झोप उडाली आहे. नणंदबाई म्हणतात एमआरआय करून घे. ओळखीच्या एकांनी लघवीतल्या बुरशीविषाची तपासणी आणि २१ दिवसांचं ‘डिटॉक्स’ सुचवलं आहे. शिवाय बेडरूममध्ये कपाटामागच्या भिंतीला पावसाळ्यापासून बुरशी आहे. तिचाही मेंदूवर परिणाम होतो का? आणि उरलेले चार ऊस जवळच्या गोठ्यात दिले तर चालेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : नमस्कार ताई,

आधी मुलाचं बोलू. उसावरच्या ज्या विषाबद्दल तो मजकूर आहे, ते काही तासांत आपला रंग दाखवतं. बहुतेकांना दोन-तीन तासांपासून आठेक तासांपर्यंत उलट्या, पोटदुखी, डोकेदुखी, चक्कर सुरू होते. जास्त विष गेलं असेल तर नजर वर खिळणं, झटके आणि बेशुद्धी. रविवारी खाल्लं आणि गुरुवारपर्यंत एक उलटीही नाही, म्हणजे मेंदूला इजा होईल इतकं विष त्याच्या पोटात गेलेलं नाही. एमआरआयची गरज नाही. सहा वर्षांचं मूल त्या यंत्रात अर्धा तास निश्चल पडून राहत नाही, त्याला गुंगीचं औषध द्यावं लागतं. विनाकारण ते कशाला?

दोन महिन्यांची गोष्ट मात्र कुणी हवेतून काढलेली नाही. ती खरी आहे, फक्त अर्धी सांगितली आहे.

उत्तर चीनमध्ये १९७२पासून दर हिवाळ्याच्या शेवटी, वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) सुमाराला, लहान मुलं अचानक झटके येऊन बेशुद्ध पडू लागली. १९७२ ते १९८९ या काळात १३ प्रांतांत मिळून ८८४ जणांना विषबाधा झाली आणि त्यातले ८८ दगावले. सगळ्यांनी ऊस खाल्ला होता. ऊस दक्षिणेत पिकतो. नोव्हेंबरच्या आसपास तोडून उत्तरेत नेला जायचा आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत साठवून विकला जायचा. थंडीने इजा झालेला, कापाची तोंडं उघडी असलेला, ढीग करून ठेवलेला ऊस, आणि वर हवा गरम होऊ लागलेली. त्यात आर्थ्रिनियम नावाची बुरशी वाढायची (वर्गीकरण करणारे हल्ली तिला अपिओस्पोरा या गटात टाकतात). तिने तयार केलेलं विष म्हणजे ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल. यापुढे त्याला ३-एनपीए म्हणू.

या रुग्णांपैकी जे खोल बेशुद्धीत गेले आणि वाचले, त्यांच्यातल्या काहींना शुद्धीवर आल्यानंतर ११ ते ६० दिवसांनी डिस्टोनिया सुरू झाला. म्हणजे हात-पाय, मान, चेहरा आपोआप पिळवटणं, बोलताना जीभ वळेनाशी होणं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना सारखेच काळे डाग दिसले. तुमच्या ग्रुपवरच्या मजकुराचे दोन महिने ते हे. पण ही उशिराची लक्षणं आधी गंभीर आजारी पडलेल्यांना आली. दिवसभर हुंदडणाऱ्या मुलाला दोन महिन्यांनी एकदम काही होईल, असा त्याचा अर्थ नाही.

आता ‘एन्झाइम्स मारतं’ म्हणजे नेमकं काय. मेंदूतली सगळी एन्झाइम्स मरत नाहीत. ३-एनपीए एकाच एन्झाइमला धरतं : सक्सिनेट डिहायड्रोजिनेज. एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन; पाठ्यपुस्तकात त्याला ‘विकर’ म्हणतात. हे बसलेलं असतं पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यात, आणि ते दोन ठिकाणी हजेरी लावतं. अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रेब्स चक्रात सक्सिनेटचं फ्यूमरेट करणं हे त्याचं एक काम. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन ऊर्जा बनवणाऱ्या साखळीत पुढे ढकलणं हे दुसरं. तिथे त्याला ‘कॉम्प्लेक्स दोन’ म्हणतात. चक्र आणि साखळी दोन्हींत सामील असलेलं हे एकमेव एन्झाइम. ते थांबलं की दोन्हीकडे अडतं.

३-एनपीएचा रेणू आकाराने आणि विद्युतभाराने सक्सिनेटसारखाच आहे. एन्झाइम फसतं, त्याला आपलं नेहमीचं काम समजून आत घेतं आणि त्याचं ऑक्सिडीकरण करू लागतं. त्या क्रियेतूनच असा पदार्थ तयार होतो जो एन्झाइमच्या कार्यस्थळी असलेल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला रासायनिक बंधाने कायमचा चिकटतो. कुलपात किल्ली मोडून अडकावी तसं. रसायनशास्त्रज्ञ याला ‘आत्मघाती निरोधन’ म्हणतात, कारण फास एन्झाइम स्वतःच्याच हाताने आवळून घेतं. ३-एनपीए असं आत्मघाती निरोधन करतं, हे १९७७ साली दाखवलं गेलं. अडकलेलं एन्झाइम पुन्हा मोकळं करता येत नाही. पेशीला नवं बनवावं लागतं आणि त्याला जो वेळ लागतो, तेवढा वेळ मेंदूच्या पेशीकडे नसतो. जीवनसत्त्वं, अँटिऑक्सिडंट गोळ्या, काढे यांतलं काहीही हा बंध तोडत नाही. डिटॉक्सचं पॅकेज विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारून बघा : तुमच्या औषधाने आर्जिनिनवरचा बंध कसा सुटतो?

विष रक्तातून सगळीकडे जातं, मग मार मेंदूच्या त्याच भागाला का? हा भाग म्हणजे बेसल गँग्लिया, त्यातही प्युटामेन. हालचाल सुरू करणं, आवरणं, तिला वळण देणं ही त्याची कामं. इथल्या पेशींची ऊर्जेची भूक मोठी असते आणि मेंदूच्या बाह्यपटलातून येणारे, ग्लुटामेट (पेशींना चेतवणारं रसायन) सोडणारे तंतू त्यांच्यावर दाटीने उतरलेले असतात. ऊर्जा तुटली की पेशीच्या पडद्यावरचे सोडियम-पोटॅशियम पंप ढिले पडतात, पडद्यावरचा विद्युतदाब घसरतो. एरवी ग्लुटामेटच्या एका प्रकारच्या दारात मॅग्नेशियमचा आयन बूच लावून बसलेला असतो. दाब घसरला की ते बूच निघतं. मग नेहमीइतकंच ग्लुटामेट असलं तरी कॅल्शियम पेशीत भसाभस शिरतं आणि पेशी आतून मोडते. म्हणजे एन्झाइम बंद पडणं ही सुरुवात असते, पेशी मारण्याचं पुढचं काम कॅल्शियम करतं. हा परिणाम इतका नेमका आहे की हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचा अभ्यास करणारे संशोधक उंदरांमध्ये तशीच हानी घडवण्यासाठी मुद्दाम ३-एनपीए वापरतात.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण डॉक्टरांच्याही मनात तो प्रश्न येईल. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात मुलांना झटके यायचे. ते विष बुरशीचं नव्हे, फळातलंच. ते चरबीतून ऊर्जा काढणारी एन्झाइम्स अडवतं. रात्री न जेवता झोपलेल्या मुलाची साखर पहाटे धोकादायक घसरते आणि वेळेवर ग्लुकोज दिलं तर मूल वाचू शकतं. ३-एनपीएमध्ये ग्लुकोज हा उतारा नाही, कारण अडथळा ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवरच बसला आहे. तरीही झटके येणाऱ्या कुठल्याही मुलाची रक्तातली साखर पहिल्या मिनिटात बघायचीच. ती कमी असेल तर लगेच सुधारता येते.

तुमच्या उसाकडे येऊ. तांबूस गर आणि दारूचा वास म्हणजे आर्थ्रिनियमच, असं नाही. आपल्याकडे उसावर ‘लाल कूज’ नावाचा शेतातलाच रोग पडतो. तो ऊस उभा चिरला तर गर लाल दिसतो, मध्ये मध्ये आडवे पांढरे पट्टे असतात आणि वास आंबूस, मद्यासारखा येतो. त्याची बुरशी वेगळी, कोलेटोट्रायकम फाल्कॅटम. शिवाय तोडलेला ऊस नुसता पडून राहिला तरी कापातून यीस्ट आणि जिवाणू शिरतात आणि साखर आंबवतात. तो वासही तसाच. गर हवेने तांबूस पडतो ते आणखी वेगळं. पण चीनमधल्या विषारी उसाचं वर्णनही असंच होतं : आतला गर तपकिरी-लालसर, नरम, आंबट किंवा दारूसारखा वास. डोळ्यांनी आणि नाकाने यातला फरक शेतीतज्ज्ञालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून घरात याची परीक्षा करत बसायची नाही. आत रंग बदललेला ऊस कुठल्याही कारणाने बदललेला असो, तो खायचा नाही.

खराब भाग कापून उरलेला खाल्ला तर? नाही. ऊस म्हणजे बुडापासून शेंड्यापर्यंत उभ्या नळ्यांचा जुडगा. बुरशीचे तंतू त्या नळ्यांतून डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या पुढे गेलेले असतात आणि ३-एनपीए पाण्यात विरघळणारं असल्याने ते रसात असतं. रस उकळला, लिंबू-आलं पिळलं, बर्फ घातला तरी त्यावर भरवसा ठेवू नका.

आपल्याकडे धोका चीनइतका का नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर उद्यापासून तुम्ही रसवंतीच्या वाटेनेच जाणार नाही. कारखान्यात आणि गुऱ्हाळात तोडलेला ऊस लवकरात लवकर गाळतात, कारण थांबलं की साखरेचा उतारा घटतो. रसवंतीवाल्याकडेही ऊस भराभर संपतो. महिनोन् महिने साठवून खाण्याची पद्धत इथे नाही. अपवाद आहे तो आपल्या सणांचाच. तुळशीच्या लग्नाचा मांडव कार्तिकात उभा राहतो आणि मग ‘देवाचा ऊस, टाकायचा कसा’ म्हणून गॅलरीत तीन-चार आठवडे राहतो. त्याच्या बुडाशी झाडांना घातलेलं पाणी साचतं, कापाचं तोंड ओलं राहतं, ऊन-सावलीत साल तडकते. संक्रांतीच्या सुगडातले आणि बोरन्हाणाचे तुकडे हा दुसरा अपवाद. तिथे तर खाणारी मुलं एक ते पाच वर्षांची असतात, वजनाने लहान, आणि चव बिघडलेली असली तरी सांगता न येणारी.

तेव्हा ऊस घेताना एवढं पाहा. कापाचं तोंड फिकट आणि कोरडं असावं. काळं, चिकट किंवा लव धरलेलं नको. पेर दाबलं तर दगडासारखं टणक लागावं. कांडीजवळ भोक असेल तर किडीने पोखरलेलं आहे आणि बुरशीला दार मिळालं आहे. घरी आणल्यावर एक पेर उभं चिरून बघा : गर पांढरट, फिक्या पिवळट किंवा हिरवट रंगाचा आणि वास ताज्या रसाचा हवा. बाहेर ठेवायचा असेल तर दोन-तीन दिवसांत संपवा. सोललेल्या गंडेऱ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत खाऊन टाका. मांडवाचा ऊस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सोलून प्रसाद म्हणून वाटून मोकळे व्हा. मुलांना उभा ऊस हातात देऊ नका. सोलून, गर बघून, तुकडे करून द्या. तुमच्या मुलाने मोडून खाल्ला तेव्हा नेमकं हेच राहिलं, आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

रसवंतीत गेलात तर यंत्राशेजारच्या मोळीकडे एक नजर टाका. टोकं काळी पडलेले, कुजके ऊस त्यात मिसळून गाळले जात असतील तर दुसरीकडे जा. एका खराब उसाचं विष बऱ्याच ग्लासांत वाटलं जातं आणि लिंबू-मसाल्यात चव लपते.

उसाइतकीच काळजी शहाळ्याची घ्या, आणि हे सांगायला एक कारण आहे. डेन्मार्कमधल्या ऑरहूसच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेली ही घटना : ६९ वर्षांच्या एका गृहस्थांनी बाजारातून आणलेल्या, बाहेरची साल उतरवलेल्या नारळाचं पाणी स्ट्रॉने ओढलं. तो नारळ फ्रिजमध्ये ४ ते ५ अंशांवर ठेवायचा होता; तो महिनाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता. चव घाण लागली म्हणून त्यांनी थोडंच पाणी प्यायलं. फोडून बघितलं तर आत बुळबुळीत आणि कुजलेलं. साडेचार तासांनी घाम, मळमळ, उलट्या, मग गोंधळलेपण, आणि रुग्णालयात दाखल झाल्यावर २६ तासांत सगळं संपलं. नारळात आर्थ्रिनियम सॅकॅरिकोला ही बुरशी सापडली आणि ३-एनपीएसुद्धा. आपण कोयत्याने समोर तासून घेतलेलं हिरवं शहाळं तिथेच पितो, त्यात हा प्रश्न येत नाही. प्रश्न आहे मॉलमधल्या पांढऱ्या, तासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या शहाळ्यांचा. जाड सोडण उतरलं की संरक्षण गेलं. अशी शहाळी फ्रिजमधलीच घ्या, घरीही फ्रिजमध्येच ठेवा, तारीख उलटू देऊ नका आणि स्ट्रॉ न लावता पाणी आधी काचेच्या ग्लासात ओता. ते नितळ असावं. गढूळ, गुलाबी, फेसाळ असेल किंवा वास वेगळा असेल तर ओतून द्या. एक घोट विचित्र लागला तर थुंका. ‘पैसे दिलेत’ म्हणून संपवायचं नाही.

पुन्हा कधी असं काही खाल्ल्याचं कळलं तर काय करायचं? मूल बरं असेल तर तोंड धुवायला लावा, किती खाल्लं आणि किती वाजता ते लिहून ठेवा आणि उशीर न करता बालरोगतज्ज्ञांना फोन करा. पहिल्या तासाभरात पोहोचलात तर सक्रिय कोळसा (पोटातलं विष शोषून घेणारी पूड) द्यायचा की नाही ते रुग्णालय ठरवेल. घरी कोळशाच्या गोळ्या देऊ नका. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. झटका आला तर उलटी श्वासनलिकेत जाईल, आणि लहान मुलाला मिठाचं पाणी हे स्वतःच विष आहे. उलट्या, सुस्ती, असंबद्ध बोलणं, नजर एका जागी खिळणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ला फोन करा किंवा थेट मुलांचा आयसीयू असलेल्या रुग्णालयात जा. झटका चालू असेल तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. उरलेला ऊस कागदात गुंडाळून पिशवीत घालून सोबत न्या.

तिथे ‘बुरशी लागलेला ऊस खाल्लाय’ हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण नेहमीच्या विषतपासणीत ३-एनपीए शोधलं जात नाही. डॉक्टरांना संशय आला तरच दिशा मिळते. या विषावर उतारा नाही. उपचार म्हणजे श्वास सांभाळणं, झटके औषधाने थांबवणं, साखर, रक्तातली आम्लता आणि लॅक्टेट बघत राहणं, मेंदूची सूज आवरणं. पहिल्या काही तासांत काढलेला सीटी स्कॅन स्वच्छ दिसू शकतो, म्हणून ‘सीटी नॉर्मल आहे, घरी न्या’ यावर समाधान मानू नका. मूल पूर्ण सावध नसेल तर निरीक्षणाखाली ठेवायला सांगा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं आणि तुमचे डॉक्टर तिथे विचारू शकतात.

आता ग्रुपवरच्या मजकुराचा दुसरा दोष. तो ‘बुरशीचं विष’ असं एकवचनी बोलतो. बुरशीची विषं शेकडो आहेत आणि प्रत्येकाचं एन्झाइमशी वेगळं नातं आहे. शेंगदाणे, मका, खोबरं यांवरच्या अफ्लाटॉक्सिनचं तर उलटंच आहे : ते यकृतात जातं आणि यकृताची एन्झाइम्सच त्याला घातक रूप देतात. १९७४मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन ३९७ जण आजारी पडले, १०६ मेले. ती कावीळ होती, झटके नव्हेत. मक्यावरचं फ्युमोनिसिन हे विष १९८८मध्ये दक्षिण आफ्रिकेत वेगळं काढलं गेलं. ते सेरामाइड सिंथेज हे एन्झाइम अडवतं आणि घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग अक्षरशः पातळ करतं. माणसात तसं होत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण कोदोचं. कोकणात ज्याला हरीक म्हणतात तेच धान्य. पावसात भिजलेला कोदो खाऊन माणसं आणि गुरं झिंगतात, थरथरतात, पेंगतात हे मध्य भारतात जुन्या पिढ्यांना ठाऊक आहे. त्यामागे सायक्लोपायाझोनिक आम्ल हे बुरशीचं विष आहे. पेशीतलं कॅल्शियम परत कोठारात भरणारा पंप हाही एक एन्झाइमच, आणि हे आम्ल त्याला थांबवतं. ऑक्टोबर २०२४मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडला शेतातला कोदो खाऊन १० हत्ती मेले, तेव्हा बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत हेच विष निघालं. तुमच्याकडे हल्ली भरडधान्यांची आवड वाढली असेल तर कोदो आणताना दाणा काळपट, ओलसर किंवा कुबट वासाचा नाही ना, एवढं जरूर बघा. बुरशी धरलेलं धान्य धुऊन, उन्हात घालून ‘वाचवायचं’ नाही.

या सगळ्या विषबाधांत एक गोष्ट समान आहे : विष पोटातून गेलं, आणि भरपूर गेलं. म्हणून कपाटामागच्या भिंतीचा हिशेब वेगळा. भिंतीवरच्या बुरशीने खोकला, शिंका, नाक चोंदणं, दम्याची उबळ वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९च्या मार्गदर्शिकेत ओलसर घरांबाबत याचा पुरेसा पुरावा असल्याचं म्हटलं आहे. पण श्वासातून गेलेल्या अशा बुरशीने घरात राहणाऱ्यांच्या मेंदूतली एन्झाइम्स बंद पडतात, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. मुलाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असेल तर भिंत हा आजचाच विषय आहे. मेंदूसाठी घाबरायचं कारण नाही.

भिंत अशी साफ करा. आधी पाणी कुठून येतं ते शोधा : पलीकडे बाथरूम आहे, बाहेरच्या भिंतीला तडा आहे, की नुसती हवा कोंडून दव धरतंय? ते न थांबवता रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात बुरशी परत. डाग चौरस मीटरपेक्षा कमी जागेत असेल तर घरीच होतं. मुलाला दुसऱ्या खोलीत पाठवा, एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला, खिडकी उघडा, कोरडं खरवडू नका. साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसा, फडकं टाकून द्या, भिंत पंख्याखाली पूर्ण वाळवा. फुगलेला गिलावा काढावाच लागतो, कारण बुरशी त्याच्या आत असते आणि वरून ओतलेलं ब्लीच तिथवर पोहोचत नाही. ब्लीच वापरलंत तर त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि तो खरोखरच लगेच बाधतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या खाली राहिला की बुरशीला जम बसवता येत नाही.

लघवीतल्या बुरशीविषाची तपासणी करू नका. धान्य, मसाले, सुकामेवा यांतून थोडं विष प्रत्येकाच्या शरीरात जातं आणि लघवीत उतरतं. निरोगी माणसातही ते सापडतं. किती सापडलं म्हणजे आजार, याची मान्य रेषा नाही, आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०१५मध्येच निदानासाठी अशा तपासण्या वापरण्याबद्दल सावध केलं आहे. रिपोर्ट लाल रंगात येणार, मग २१ दिवसांचं पॅकेज विकलं जाणार. शिवाय त्या तपासण्या बहुधा अफ्लाटॉक्सिन, ऑक्राटॉक्सिन अशी विषं मोजतात. ज्याच्या भीतीने तुम्ही ती करणार, त्या ३-एनपीएशी तिचा संबंधही नसेल.

राहिले चार ऊस. गोठ्यात देऊ नका. गुरांच्या पोटातले जिवाणू ३-एनपीए काही प्रमाणात मोडतात, पण एका वेळी जास्त गेलं तर त्यांनाही बाधतं. शिवाय आंबलेल्या साखरेने जनावराचं पोट फुगतं ते वेगळंच. सोसायटीतल्या शेळीलाही नको. ओल्या फडक्याने धरून, गॅलरीतच तुकडे न करता, सबंध ऊस वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओल्या कचऱ्यात द्या. कचरावेचक किंवा मुलं उचलून खातील असं उघड्यावर टेकवून ठेवू नका. जागा साबणाने धुऊन वाळवा.